व्याह्यांच्या भुवया

थेबेस,
नाईलचा पूरऋतू, दुसरा महिना

ती. मुतिर्दिसताईस,
धाकट्या नेसमिनचा तुळतुळीत डोक्यासकट साष्टांग नमस्कार.

सध्या माझा देवळातल्या सेवेचा महिना. डोकं, दाढी, भुवया सफाचट. दिवसा दोनदा, रात्री दोनदा स्नान. देव नैवेद्य नुसता पाहतो, खायची जबाबदारी आम्हा सेवकांवर. ती मी किती निष्ठेने पार पाडतो, हे माझं पोटच सांगेल.

अशा शुचिर्भूत माणसाच्या लेकीने, तुझ्या लाडक्या तायमीने, नवरा कोण निवडावा? पाबेस कोळी! आम्हाला वर्ज्य असलेला मासा त्यांच्या अंगणात वाळत असतो. मी बजावलंय, त्या घरी पाऊल टाकणार नाही. पोरगी सध्या तुझ्याकडे आहे, तूच समजाव.

तुझ्या मायेवर विसंबलेला,
नेसमिन

एडफू,
तोच महिना, अखेर

चि. नेसमिनास अनेक आशीर्वाद.

समजवायला म्हणून होडीने पाबेसच्या गावी गेले आणि दोन वाळके मासे खाऊन आले. मुलगा भला आहे. तुझ्यासारखा स्वतःवर प्रवचन देत नाही. पण तायमी अडून बसलीय. म्हणते, बाबा या घरी जेवले नाहीत तर लग्नच नको. सेवेनंतरचे तीन महिने तू माणसांतच असतोस ना? मग केस वाढव आणि जा. देवाचं तुझ्यावाचून चालतं रे, तिचं चालत नाही.

चिडूनही माया न आटलेली,
ताई

थेबेस,
पूरऋतू, तिसरा महिना

ती. ताईस सेवामुक्त नेसमिनचा नमस्कार.

तायमी आधीच निघून पोचली, पण पुरामुळे तुला होडी मिळाली नाही, म्हणून सविस्तर कळवतो. व्याह्यांना मी परका वाटू नये, म्हणून वस्तरा टाकून दिला. तोंडाचा पार खराटा झाला. दारात पाहतो तर व्याहीच नखशिखांत गुळगुळीत! पुजारी येणार म्हणून त्यांनी भुवयासुद्धा उतरवलेल्या. भुवया उतरवल्या म्हणजे घरातल्या मांजराचं सुतक, असं समजून शेजारी सकाळपासून समाचाराला येत होते. आणि मांजर त्यांच्याच मांडीवर! सुतकातल्यासारखे वाढलेले माझे खुंट पाहून एक आजी हळहळली, यांचंही कुणी गेलेलं दिसतंय.

घर धुतलेलं, धूप घातलेला, पानात नुसती भाकरी, मसूर आणि काकडी. तायमी माझ्याकडे बघेना. मी विचारलं, व्याही, आज मासा नाही वाटतं? व्याही लगबगीने मासा आणायला उठले. मग तायमी अशी हसली, की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काटा लागला, असं मी सांगून टाकलं. मासा अजून चुलीवरसुद्धा चढला नव्हता.

लोभ आहेच, आता जावयालाही त्यात वाटा द्यावा.

तुझा,
नेसमिन