गुंडाच्या वाटणीची पोळी

मुक्काम परमुलूख,
शिमग्याचा दिस, १९४५

चि. राहीस, तुज्या थोरल्या भावाचा पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल हाय. आयेला आदी एवढंच वाचून दाकव. तिचा गुडगा कसा हाय? म्हस व्याली का?

आज आमी पलटणीत पुरण घातलं. हरभऱ्याची डाळ मिळाली, गूळबी मिळाला. आपल्या तासगावच्या बाजारातल्यावानी न्हाई, पर चालला. मनुमावशीचा गुंडा पहाटंच गस्तीला गेला. जाताना म्हणला, "नाथा, पुरणात उलथनं उभं ऱ्हायलं पायजे. न्हाईतर समद्या पोळ्या तूच खा."

आन मी काय केलं ठावं हाय? डाळ शिजायच्या आदीच गूळ घातला. गूळ पडल्यावर डाळ शिजत न्हाई, हे आयेनं किती येळा सांगितलंय. पर माजं ध्यान वाटंकडं. गस्तीची बाकीची माणसं परतली हुती. गुंडाचं इचारलं तर खाली बगत म्हणली, "मागनं येतुया."

दिस कलला, मागनं कोण आलं न्हाई.

डाळ कचकचीतच ऱ्हायली. बाटलीनं रगडून कशाबशा पोळ्या केल्या. पोरांनी मुकाट खाल्ल्या. एकानंबी नावं ठेवली न्हाईत, त्याचंच मला भ्या वाटतंय.

मनुमावशी पत्र ऐकायला यील. इचारील, माज्या पोरानं किती खाल्ल्या? खोटं बोलू नगंस. त्याची पोळी नाथानं झाकून ठिवलीया, एवढंच सांग.

तुजा दादा,
नाथाजी