बिशपच्या मुक्कामाचा प्रश्न

होर्शम,
चार मार्च, बुधवार

प्रिय ग्लेनिसताई,

धाकट्या बहिणीचा मनापासून नमस्कार. तुझा खुबा कसा आहे? जिना अजून बसत बसतच उतरतेस, की आता सूनबाई हात देते? झोप लागते का? जेवण जातं का? (हे प्रश्न मी खरेच विचारते आहे, पत्राला सुरुवात हवी म्हणून नव्हे, तेव्हा उत्तरं दे.) मी ठणठणीत आहे. बिशप माझ्याहून ठणठणीत आहे. यंदा उन्हाळा लांबला, त्यामुळे लिंबाला फळ कमी धरलं, पण जे धरलं आहे ते असं की शेजारचे लोक कुंपणाशी उभे राहून बघतात.

अकरा एप्रिलला ऑपरेशन आहे आणि 'तू नाही आलीस तरी चालेल, सून बघेल सगळं' असं तू लिहिलंस. ताई, पाच वर्षांत आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, आणि आता तुझं हाड कापायची वेळ आली तेव्हा मी इथे बसून लिंबं मोजू? मी येणार. तिकीट काढलं आहे. दहा तारखेला दुपारी तुझ्या डनेडिनला उतरते आणि तीन आठवडे राहते. मी यायला नको असेल तर तसं स्पष्ट कळव. कळवलंस तरी येणार आहे, पण निदान कळलेलं बरं. त्याच पत्रात पुढे तू 'मांजर दे कुणाकडे तरी ठेवायला' असंही म्हटलं आहेस. ते 'कुणाकडे तरी' मी तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. बिशप म्हणजे काही कुंडी नव्हे, शेजारणीला जाता जाता पाणी घालायला सांगायला. सगळं अंग काळं कुळकुळीत, गळ्याशी पाद्र्यासारखी पांढरी पट्टी, आणि चाल अशी की पोस्टमनसुद्धा बाजूला होऊन वाट देतो. अशा प्राण्याची सोय करायची तर ती नीटच करायला हवी.

म्हणून मांजरांचं वसतिगृह शोधायला घेतलं. आधी म्हटलं, बाकीचे लोक कसं ठरवतात ते तरी विचारावं. ताई, हसावं की रडावं कळेना. केस कापणारी ट्रेसी म्हणाली की तिने पाटीवरचं मांजराचं चित्र गोड दिसलं म्हणून जागा पक्की केली. पोस्टातल्या बाईंनी विमानतळाच्या वाटेवर पडतं म्हणून केली. आमच्या दंतवैद्यांनी तर जागा पाहिलीच नाही, फोनवर 'आहे का खोली?' एवढंच विचारलं. भिंतीचा रंग ठरवायला महिनाभर घालवणारी ही माणसं! आता मी कोण ते तुला सांगायला नको, पण सांगतेच. होर्शमच्या कृषी प्रदर्शनात बावीस वर्षं केकची मुख्य परीक्षक. माझ्या चाकूखालून गेलेल्या स्पंज केकची गणतीच नाही, आणि माझ्या निकालाविरुद्ध आलेल्या तक्रारींतली एकही टिकलेली नाही. तेव्हा मी रीतसर शंभर गुणांचं कार्ड केलं. वासाला तीस, उन्हाला वीस, दोन खोल्यांमधल्या अंतराला वीस, दारांना पंधरा (दारं एकामागे एक अशी दोन हवीत, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही), आणि उरलेले पंधरा मालकिणीच्या हातांना. हातावर एकही ओरखडा नसेल तर त्या बाईने मांजरं सांभाळलेली नाहीत, आणि फार ओरखडे असतील तर तिला ती सांभाळता येत नाहीत. शिवाय नियम असा की न कळवता जायचं. कळवून गेलं की सगळ्याच घरात झाडलेलं असतं.

पहिल्या ठिकाणी दारातच लॅव्हेंडरचा असा भपका आला की माझे डोळे चुरचुरले. ज्या केकवर पिठीसाखर जास्त तो खालून करपलेला असतो, हे मी बावीस वर्षं पाहते आहे. मी वास घेत घेत मागच्या बाजूला गेले, आणि पिठीसाखरेखाली जे असायचं तेच होतं. मालकीणबाई मागून धावत आल्या. 'अहो बाई, वेळ ठरवून यायचं असतं!' मी म्हटलं, 'मांजरं वेळ ठरवून करतात का?' एकोणतीस गुण. (कार्डावर शेरा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवून आले. सुधारायची संधी प्रत्येकाला द्यावी असं माझं मत आहे.)

दुसरी जागा दिसायला झकास. प्रत्येक खोलीत छोटा टीव्ही, त्यावर दिवसभर मासे पोहतात. मालक तरुण, तोंडात साखर, मांजरांना 'आमचे पाहुणे' म्हणतो. पण दोन खोल्यांच्या मध्ये नुसती जाळी! म्हणजे एक पाहुणा शिंकला की दुसऱ्याला सर्दी. मालक म्हणाला, 'छे हो मावशी, तेवढं लांब काही जात नाही.' आता असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही, तू ओळखतेसच. पर्समध्ये चिमूटभर मैदा होता (का होता ते विचारू नकोस, माझ्या पर्समध्ये असतो), तो तळहातावर घेतला, गुडघ्यावर बसले आणि शिंकेएवढ्या जोराने फुंकर मारली. मैदा गेला की नाही पलीकडे? गेला. पलीकडे बसली होती एका वकिलाची पर्शियन मांजर. करड्या रंगाची होती, ती पांढरी झाली, आणि नेमक्या त्याच वेळी ते वकील तिला घरी न्यायला आले. मी त्यांना शांतपणे सगळं समजावून सांगितलं, की ही केवळ परीक्षा होती आणि निकाल माझ्या बाजूने लागला आहे. मालकाने मला दारापर्यंत सोडलं. तोंडातली साखर तोवर विरघळली होती. चौतीस गुण, तेही माशांमुळे.

तिसरी जागा गावाबाहेर, गव्हाच्या शेतांच्या पलीकडे. पाटी एवढीशी, चित्र नाही. आत गेले आणि नाक वर करून उभी राहिले. कसलाच वास नाही. (थोडा उकडलेल्या मासळीचा होता, तो हवाच.) दारं दोन-दोन. खोल्यांच्या मध्ये मी आडवे दोन्ही हात पसरू शकेन एवढी जागा. सकाळचं ऊन पार भिंतीपर्यंत. एक म्हातारी ठिपकेवाली त्या उन्हात पोट वर करून झोपली होती, आणि भरवसा वाटल्याशिवाय मांजर परक्या घरात पोट दाखवत नाही. पलीकडच्या खोलीत ताटली सरकवणारे मालकिणीचे हात तेवढे दिसले, ओरखडे मोजून दोन. मैद्याला हातसुद्धा लावावा लागला नाही. मी कार्डावर सत्त्याण्णव लिहिले. ताई, मी जन्मात कधी कोणाला सत्त्याण्णव दिलेले नाहीत. तीन कापले, कारण काहीतरी कापावंच लागतं.

एवढ्यात मागून आवाज आला, 'मध्यावर चाकू घालून बघणार का आता?' वळून बघते तर वाल्मा प्रिडमोर.

तुला वाल्मा माहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी प्रदर्शनात तिचा स्पंज होता. तसा हलका स्पंज मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि त्यानंतरही नाही. पण वरच्या बाजूला जाळीच्या रेषा उमटलेल्या होत्या. केक थंड करताना जाळीवर टॉवेल अंथरायचा असतो, हे शाळेतल्या पोरींनाही ठाऊक आहे. मी तो स्पर्धेतून बाद केला आणि कार्डावर लिहिलं, 'नियम तो नियम.' त्यानंतर ती प्रदर्शनात कधी आली नाही.

मी म्हटलं, 'वाल्मा, तुझी जागा उत्तम आहे.'

'हे तुम्ही आज म्हणताय. स्पंजही उत्तम होता.'

'होता. पण टॉवेल विसरलीस.'

'विसरले नव्हते,' ती म्हणाली. 'टॉवेल काढून ठेवला होता. त्यावर आमची मांजर व्यायली. पाच पिल्लं. तिला काय म्हणायचं होतं मी? ऊठ बाई, मला पहिल्या नंबरची निळी फीत जिंकायची आहे?'

ताई, घरात दुसरा टॉवेल नव्हता का, असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं. (हो, मी.) निळ्या फितीपेक्षा मांजरीची झोप मोठी मानणारी बाई सगळ्या जिल्ह्यात एकच निघाली, आणि तिलाच मी बाद केली होती. त्या स्पंजसारखा स्पंज मी पुन्हा खाल्ला नाही, हेही तिला सांगितलं. 'मग तेव्हाच सांगायचं होतं,' ती म्हणाली, आणि खरंच आहे ते. मी कार्ड काढलं, तिच्यासमोर कापलेले तीन परत दिले. शंभर! मला वाटलं, आता बाई विरघळेल. ती म्हणाली, 'ते कार्ड ठेवा तिथे. उमेदवाराला उद्या घेऊन या. इथे परीक्षा मी घेते.'

दुसऱ्या दिवशी बिशपला घासूनपुसून नेलं. वाल्माने त्याला टेबलावर घेतला, कान पाहिले, दात पाहिले, वजन केलं. सहा किलो आठशे! मी अभिमानाने इकडेतिकडे बघितलं. ती म्हणाली, 'लठ्ठ आहे. खायला काय घालता?' मी सांगितलं, सकाळी उकडलेली कोंबडी, संध्याकाळी मेंढीचं मांस, रविवारी सार्डिन मासे. 'आणि तुम्ही काय खाता?' म्हणाली. मी म्हटलं, टोस्ट. तिने काहीतरी लिहून घेतलं. मग लशीचं कार्ड मागितलं. दिलं. तिने तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तारीख पाहिली. लशीची मुदत संपून चार दिवस झाले होते. मी म्हटलं, 'अगं वाल्मा, चारच दिवस!' त्यावर ती काय म्हणाली असेल ते तू ओळखलंसच. तेच तीन शब्द, माझ्याच कार्डावरचे. बिशप बाद!

गाडीत बसल्यावर मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, अभिमान वाटला. म्हटलं, नोएलीन, बावीस वर्षं तू असंच वागलीस आणि लोक तुला खडूस म्हणाले; आज समोर तशीच एक उभी राहिली, आणि हिच्याच हाती बिशपला द्यायचं. लस त्याच दिवशी टोचून घेतली. (डॉक्टरच्या हाताला पट्टी बांधावी लागली, पण तो नवशिका होता.) पंधरा दिवसांनी बिशप प्रवेशाला पात्र होतो, म्हणजे माझ्या विमानाच्या कितीतरी आधी. तेव्हा काळजी नको. तब्येतीला जप, जिन्यावर शहाणपणा करू नकोस. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी,
नोएलीन

ता.क. एक छोटंसं काम आहे. प्रवेशाच्या अर्जाचं शेवटचं पान मांजराजवळ सलग पाच दिवस राहिलेल्या माणसाने भरायचं असतं, मालकाने नाही. (मालक खोटं बोलतात, असं वाल्माचं म्हणणं आहे.) असं माणूस जगात तू एकटीच. पान सोबत जोडलं आहे. नववा प्रश्न 'हा प्राणी कधी कोणाला चावला आहे का?' असा आहे. तिथे 'नाही' लिही. पाच वर्षांपूर्वी ईस्टरला तुझ्या पोटरीला जे झालं त्याला मी तरी चावणं म्हणणार नाही. टाके तीनच पडले होते.

ता.क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात वाल्माचा फोन आला. चावऱ्या मांजरांना ती कोपऱ्यातली खोली देते. तिला दोन खिडक्या आहेत, बाहेर पेअरचं झाड आहे, झाडावर पक्षी बसतात, शेजार नाही, आणि जेवण ती स्वतः नेऊन देते. तेव्हा खरं तेच लिही. सविस्तर लिही. टाके चार आठवत असतील तर चार लिही.

ता.क. ३. खालीच दहावा प्रश्न आहे: 'तेव्हा चूक कोणाची होती?' त्या दिवशी, तू त्याला दचकवलंस म्हणून तो चावला, असं मी म्हणाले होते. दहा दिवसांसाठी आलेली तू सहाव्या दिवशी निघून गेलीस आणि पुन्हा आली नाहीस. तू दचकवलं नव्हतंस, ताई. तू नुसती खुर्चीत बसली होतीस. ती खुर्ची त्याची आहे हे मी तुला सांगायला हवं होतं, आणि तुझ्या पायातून रक्त येत असताना मी आधी त्याला उचलून घ्यायला नको होतं. दहाव्या प्रश्नापुढे 'मालकिणीची' असं लिही. खाली सही मी आधीच करून ठेवली आहे.