शिलाई मशीन आणि मंडळाची भिंत

२ फेब्रुवारी १९९२, सकाळी

उशीर झाला, माफी असावी. रोज लिहायचे संक्रांतीला ठरवले आणि त्यानंतर आज लिहितो आहे. कारणे आहेत. दाढ. थंडी. चष्म्याची काडी. शिवाय माझे शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दू चौथी; मराठी अक्षर वळवायला हात वेळ घेतो. माफी कोणाकडे मागतो हे कळत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. तरी मागितलेली बरी.

आजपासून रोज.

पंचायत समितीची निवडणूक लागली. आमची जागा बायांसाठी राखीव. काल समता विचार मंडळाची बैठक माझ्या ओसरीत झाली. अध्यक्ष मी. चिटणीस चंद्रभान गुरुजी, पण सरकारी नोकर असल्याने ते कशावरही सही करत नाहीत. सभासद लिंबाजी पेंटर आणि मनकर्णा. आणखी एक सभासद पुण्याला असतो, त्याची संमती धरली. ठराव : मनकर्णेला मंडळाचा जाहीर पाठिंबा. एकमताने. मनकर्णा म्हणाली, मीच उभी हाय तर मी न्हाई कशाला म्हणू?

मनकर्णा बौद्धवाड्यातली, रोजगार हमीवरच्या बायांची पुढारी. तिचा मुद्दा एकच : पाझर तलावाचे बंद पडलेले काम सुरू करायचे, म्हणजे बायांना लेकरे घेऊन गंगाखेडकडे ऊसतोडीला जावे लागणार नाही. मुद्दा चांगला आहे. पण लोक मुद्दा बघत नाहीत, पाठीशी कोण ते बघतात. पाठीशी मी आहे. म्हणजे मंडळ.

४ फेब्रुवारी

दिनकरराव जीप घेऊन आले. सोसायटीचे चेअरमन. पक्षाने तिकीट दिले नाही म्हणून बायकोला, धुरपताबाईला, अपक्ष उभे केले आहे. धुरपताबाई जीपमधून उतरल्या नाहीत. दिनकररावांनी चहा घेतला आणि भिंतीकडे बघत बसले.

माझी भिंत एसटीच्या थांब्यासमोर आहे. गावात उतरणाऱ्याला पहिली तीच दिसते. तिच्यावर अठ्ठ्याहत्तर सालापासून माझ्या हाताची ओळ आहे : नामांतर झालेच पाहिजे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मागतो म्हणून त्या वर्षी भावकीने माझ्याशी बोलणे टाकले होते. ओळ दर दिवाळीला मी पुन्हा गिरवतो.

दिनकरराव म्हणाले, तात्या, भित आमाला द्या, वरची ती ओळ तेवढी पुसून घेऊ. मी लगेच ओळखले. यांना मंडळाचा पाठिंबा पाहिजे, भिंत हे निमित्त. साफ नकार दिला. ओळ मी असेपर्यंत पुसली जाणार नाही म्हणालो. आतून कमलबाई म्हणाली, आन् मी असेपरेंत बी. बायको माझ्या बाजूने क्वचित बोलते, म्हणून नोंद केली.

चंद्रभान गुरुजींनी उगीच आठवण करून दिली की पंचाऐंशी आणि नव्वदच्या विधानसभेला आपण पाठिंबा दिलेल्या उमेदवारांची डिपॉझिटे गेली. गावात म्हणतात, तात्या, काय पायजे ते मागा पण पाठिंबा नका देऊ. मी सांगितले, तेव्हा जनता तयार नव्हती. आता आहे.

७ फेब्रुवारी

मनकर्णेचा अर्ज मंजूर. अपक्ष, म्हणून चिन्हासाठी पसंती लिहून दिली. पहिली शिलाई मशीन, मग शिडी, मग छत्री. चिन्हे नक्की होणार अकराला. तोवर भिंत काय रिकामी ठेवायची? दिनकररावांची माणसे येऊन रंगवून जातील. ठरवले, मशीन उद्याच काढायचे. पहिली पसंती मिळणारच. नाही तर तिला पहिली का म्हणतात?

मनकर्णा म्हणाली, तात्या, चिन्न तर येऊ द्या. भित काय पळून चालली का? तिला राजकारणातली निकड समजावून सांगितली. हसली. अनुभव कमी पडतो.

८ फेब्रुवारी

झाले! नामांतराच्या ओळीखाली पुरुषभर उंच निळे शिलाई मशीन. लिंबाजी चुन्यात नीळ कालवून काढतो म्हणत होता. मी ऑइलपेंटचा आग्रह धरला. एकदा बसला की कोणाचा बाप पुसू शकणार नाही. मशीन होता होता पेंट संपला, म्हणून मनकर्णेचे नाव खाली गेरूने लिहिले.

एसटीचा कंडक्टर म्हणाला, तात्या, टेलरिंग काढलं काय? अडाणी.

११ फेब्रुवारी, दुपारी

चिन्हे आली. मशीन दोघींनी मागितले होते. चिठ्ठ्या टाकल्या. मशीन धुरपताबाईला. मनकर्णेला शिडी.

संध्याकाळी

जेवण नको म्हणालो. कमलबाईने आग्रह केला नाही.

१२ फेब्रुवारी

घाबरायचे कारण नाही. मशीनखाली नाव मनकर्णेचे आहे. ज्याला वाचता येते तो वाचेल. कमलबाई म्हणाली, आन् ज्याला येत न्हाई? हमीवरच्या बायांत कोणाला येतं वाचायला? अध्यक्षाने प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते.

१३ फेब्रुवारी

मशीनवर चुना मारला. दोन हात. ऊन लागले तसे पापुद्रे धरले आणि पडले. मशीन आधीपेक्षा चकचकीत निघाले. त्या गडबडीत गेरूचे नाव मात्र पुसले गेले.

१५ फेब्रुवारी

चुना नको, शेण. आपल्या मातीला आपलेच औषध. कमलबाईने पाटी भरून शेण दिले, हात लावला नाही. वरच्या ओळीला एक ठिपका लागू दिला नाही. शेण मातीवर पक्के बसले, पेंटवर काही केल्या बसेना. आता सगळी भिंत काळपट आणि मधोमध मशीन उठून दिसते. लिंबाजी म्हणाला, तात्या, बॉर्डर झ्याक जमली.

१६ फेब्रुवारी

लिंबाजीला सुचले की शेजारी शिडी काढावी. जागा कमी, म्हणून तिरपी काढली. वरचे टोक मशीनला टेकले. गुरुजी म्हणाले, अर्थ असा निघायलाय की शिडीनं मशीनवर चढा. गुरुजींना चित्रकला कळत नाही.

मनकर्णा प्रचाराहून येताना थांबली. शिडी खालून वरपर्यंत बघितली. मग म्हणाली, तात्या, तुमच्या पाया पडते, आता तुमी काहीच करू नका. माझी धावपळ तिला बघवत नाही.

२४ फेब्रुवारी, मतदान

भिंत झाकायची ठरवली. कमलबाईची मोठी गोधडी. मातीत खिळा धरेना. म्हणून सकाळपासून दोन्ही हातांनी गोधडी धरून भिंतीशी उभा राहिलो. वारा लय. गोधडी उडायची, मशीन डोकावायचे. शाळेकडे मत टाकायला जाणारे सगळे थांबून बघत. माझ्या भिंतीपुढे एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

एक म्हातारी म्हणाली, आश्रुबा, काय झाकायलास बाबा? मी ओरडून सांगितले, मशीन! मशीनकडं बघू नका! दिवसभर हेच ओरडलो. घसा बसला. लोक मशीन, मशीन म्हणत शाळेकडे जात होते.

दिवेलागणीला कमलबाईने विचारले, तुमी मत कवा टाकलं? टाकले नाही. मोर्चा सोडून कसा जाणार?

२६ फेब्रुवारी

निकाल. धुरपताबाई निवडून आल्या. मनकर्णा थोडक्यात पडली. बाकीच्या गावांत ती पुढे होती म्हणतात. आमच्याच गावाने मागे ओढली.

तरी तिचे डिपॉझिट वाचले. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच. हे कोणी बोलत नाही.

चार वाजता गुलाल घेऊन दिनकरराव आले. भिंतीपुढे नारळ फोडला. माझ्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, आश्रुबातात्यांचा पाठिंबा यंदा फळला! धुरपताबाई आजही जीपमध्येच. जाता जाता म्हणाले, आता आपण एकच झालो, ती वरची ओळ पुसून टाका. मी हार काढला आणि शेळीपुढे टाकला. म्हणालो, चेअरमनसाहेब, सगळं गाव तुमच्या मशीनवर शिवून घ्या, ही ओळ निघायची नाही. आवाज घोगरा असल्याने मागच्यांना ऐकू गेले नसावे. शेळीने हार खाल्ला.

५ मार्च

तलावाचे काम बंदच. बौद्धवाड्यातल्या बाया लेकरे आणि भांडी घेऊन गंगाखेडकडे ऊसतोडीला गेल्या. मनकर्णाही. एसटीची वाट बघत त्या माझ्या भिंतीपुढेच बसल्या होत्या. उठून त्यांच्यापाशी जायचे होते, गेलो नाही. दाढ ठणकत होती. खरे म्हणजे फार ठणकत नव्हती.

गाडीत चढताना मनकर्णा ओसरीकडे बघून ओरडली, तात्या, पुढच्या बारीला भित माझ्या हवाली करा. रंग मी आणते, तुमी निस्ती ती वरची ओळ संबाळा. बाया हसल्या. गाडी गेली.

९ मार्च

चार दिवस खुरप्याने मशीन खरवडतो आहे. कमलबाई आज आपणहून दुसरे खुरपे घेऊन आली. शेजारी खरवडू लागली.

मनकर्णेला पाठवायला गुरुजींकडून पोस्टकार्ड आणले. ते म्हणाले, मजकूर लिहितो, पत्ता सांगा. पत्ता माहीत नाही. म्हणून मजकूर इथेच लिहून ठेवतो.

मनकर्णे, भिंत तुझी. मंडळात ठराव करायचा राहिला आहे, पण तो एकमताने होईल. मशीनचे चाक निघाले, सुई राहिली आहे. वरची ओळ शाबूत. तू उसाच्या कोणत्या फडावर आहेस तेवढे कोणाच्या तरी हाती कळव. लवकर कळव.