आबांनी दिलेलं घड्याळ

आबा,
जामखेडहून तुमच्या मनकर्णेचा नमस्कार.

धोंड्याच्या महिन्यात तुमी जावयासाठी माझ्याजवळ डबाभर अनारसे दिले. "बघू, तुझा बाप काय देतो," असं सासूबाई महिनाभर म्हणत हुत्या. म्हणून मी इथल्या दुकानातून हप्त्यावर घड्याळ घेतलं आणि घरी सांगितलं, आबांनी दिलं.

तवापासून ह्यांची नगरहून मनिऑर्डर आली की आधी दुकानदाराचे दहा रुपये काढून ठेवते. चहा बिनसाखरेचा पिते. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी मी खाते, चांगल्या ज्वारीची सासूबाईंना वाढते. अजून चार हप्ते हायेत.

काल ह्यांचं पत्र आलं. घड्याळ बंद पडलंय. येत्या शुक्रवारी घोडेगावला येऊन तुमच्याकडं दुकानाची पावती मागणार हायेत. खरं कळलं तर हे मला घरात ठेवायचे न्हाईत.

आबा, तुमी जन्मात खोटं बोलला न्हाई, ठाऊक हाय मला. पन एवढ्या बारीला म्हणा, "घड्याळ मीच दिलं, पावती हरवली."

पन हे तुमच्या कानावर घालू कसं? तुमाला वाचता येत न्हाई. माझं पत्र गावात कुनाच्या हाती देत न्हाई तुमी. कोनाड्यात जपून ठेवता, आणि जावई आले की त्यांच्याच हातात देता. छापखान्यातला मानूस, लई झ्याक वाचतो म्हणता.

तुमची लेक,
मनकर्णा