चिकट्याचे दगड

३ मार्च

शून्य! साहेबांनी ओढ्यातल्या माशांच्या पाहणी-तक्त्यात शून्य लिहिलं आणि खाली सही कर म्हणाले. नाही केली.

दहा वेळा जाळं ओढलं, एकही चिकट्या आला नाही — मान्य. पण ओढलं कुठे? ओढ्याच्या मधोमध, तळ न शिवता. चिकट्या बोटाएवढा मासा. दिवसा तळातल्या दगडाखाली दडून बसतो, अंडीही त्याच दगडाच्या पोटाला चिकटवतो. हे मला पदवीत कुणी शिकवलं नाही. लहानपणी बाबांनी दगड उलटून दाखवलं होतं. नावही त्यांचंच — पुस्तकातल्या नावाशी माझी जीभ अजून झटापट करते.

साहेब म्हणाले, पद्धत ती पद्धत. शून्य आलं की ओढा पाइपात घालून वरून रस्ता न्यायला सगळे मोकळे.

५ मार्च

घरी सांगितलं. आई म्हणाली, घरातली पहिली पदवी, पहिली नोकरी, आणि सहा महिन्यांत साहेबाशी वाकडं? बोटभर माशापायी?

बाबा जेवत होते. ते गवंडी. जुनी दगडी भिंत उतरवताना प्रत्येक दगडावर छिन्नीने आकडा घालतात, परत रचताना एकही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. असा माणूस आता पाइप पुरणार — ते ज्या ठेकेदाराकडे कामाला, रस्त्याचं काम त्याचंच. मला त्यांच्याकडे बघवेना.

तरी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. तीन पानं!

९ मार्च

बाई येणार! मुख्य कार्यालयातल्या तपासणी अधिकारी. शनिवारी, स्वतः दगड उलटून बघणार. माझी तीन पानं कुणीतरी शेवटपर्यंत वाचली!

साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. न बोलोत.

११ मार्च

आज साहेबांनी दोनदा विचारलं, सही करतेस ना? दोनदा नाही म्हटलं.

१२ मार्च

संध्याकाळी ओढ्यावर गेले. तळ साफ. एक दगड नाही, नुसती वाळू. ठेकेदाराने सकाळी माणूस लावून सगळे उपसून काढले.

माणूस म्हणजे बाबा.

घरी आले तर ते ओट्यावर छिन्नी पुसत बसले होते. विचारलं, तुम्हीच ना? "सांगितलं काम, केलं," म्हणाले. एवढंच. वर म्हणाले, जेवून घे, उद्या लवकर जायचंय तुला.

जेवले नाही. उद्या बाईंना रिकामा ओढा दाखवीन. एकही दगड नाही हेसुद्धा लिहून देईन. पण शून्याखाली सही नाही. बाबांसाठीही नाही.

१३ मार्च

बाबा आमच्या आधी ओढ्यावर! थोडं खाली, पुलाखालच्या सावलीत, गुडघाभर पाण्यात, भोवती बेचाळीस दगड — सगळे बुडालेले. बाईंना म्हणाले, "काढ म्हणाले, काढले. ठेवायचे कुठे, ते कुणी सांगितलं नव्हतं."

हे इथलेच कशावरून, बाईंनी विचारलं. बाबांनी काठावरच्या गवतातल्या खुंट्या दाखवल्या, एक ते बेचाळीस — प्रत्येक दगडाच्या मूळ जागेसमोर एक. मग सतरावा दगड पाण्यातच उलटला. कोपऱ्यात छिन्नीचा सतरा, आणि पोटाला पिवळी अंडी, दाटीवाटीने.

दुपारी बाबांचं काम गेलं. आता दोघं मिळून दगड परत लावतोय. मी आकडा वाचते, ते ठेवतात.