जिथे घंटा ऐकू जात नाही

११ जानेवारी

पोचले एकदाची! वसतिगृहातल्या कुणालाच ऐकू येत नाही, दिसतही नाही. त्यांच्यासाठी आगीचा इशारा देणारं यंत्र बनवायचंय. तपासणी-साहेबांनी वॉर्डनबाईंना बजावलंय, महिनाअखेर यंत्र नसेल तर वसतिगृहाला टाळं. मग ही माणसं जाणार कुठे? साहेब म्हणे, ‘आपापल्या घरी.’ वॉर्डनबाई फणकारल्या, “घर असतं तर इथे आली असती का?”

मला काळजी नाही. मनगटी पट्टे तयार आहेत. आग लागली की पट्टा थरथरणार. सोपं!

१२ जानेवारी

जेवण बाजूला राहिलं, मी बघतच बसले. ही माणसं हातांत हात देऊन बोलतात — एकाने खुणा करायच्या, दुसऱ्याने त्याच्या हातांवर हात ठेवून वाचायच्या. मास्तरांनी (पूर्वी शाळेत शिकवायचे) शेजारणीच्या हातात काहीतरी विनोद सोडला. ती हसली. मग तिच्या शेजारचा. मग त्याच्या पलीकडची. हसू टेबलाभोवती फिरत गेलं! अंगावर काटा आला माझ्या.

विनोद माझ्यावरच होता, हे नंतर वॉर्डनबाईंकडून कळलं — नवी बाई चालते की जमीन कुटते? फळ्यांच्या जमिनीतून माझी पावलं ओळखतात ही मंडळी. मेले!

१५ जानेवारी

सकाळी पट्टे वाटले. दुपारी सगळे परत टेबलावर, नीट गुंडाळून. इतकी चिडले! महिनोन्‌महिने खपले होते त्यावर.

वॉर्डनबाईंनी सरळ माझ्या तोंडावर हात दाबला. “हं, बोला आता.” काय बोलणार, कपाळ! “हात म्हणजे त्यांचं तोंड, बाई. कानही तेच. त्यावर तुम्ही यंत्र बांधलंत.”

मठ्ठ मी. पक्की मठ्ठ.

१६ जानेवारी

आज काहीच केलं नाही. नुसतं त्यांच्यात बसून राहिले.

२१ जानेवारी

यंत्र आता फळ्यांखाली आणि खाटांखाली. आग लागली की जमीनच हलणार. पहिल्यांदा थोरलीला दाखवलं. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून थोरली. तिने चपला काढल्या, पाय टेकले, जरा थांबली आणि मला मिठीच मारली! रडले मी. लपवते कशाला?

२५ जानेवारी

सराव घेतला. जमीन हलली आणि एकही माणूस एकटा पळाला नाही! प्रत्येकाने आधी शेजारच्याचा हात चाचपला, धरला, मगच पाऊल उचललं. हे मी नाही शिकवलं. असली माणसं मी आजवर पाहिली नव्हती.

२८ जानेवारी

उद्या तपासणी. सगळी यंत्रं दोनदा तपासली.

२९ जानेवारी

तपासणी राहिली बाजूला, खरीच आग! स्वयंपाकघरातली वायर जळाली. वॉर्डनबाई नेमक्या बाहेर गेलेल्या. जमीन हलली, वसतिगृह रिकामं झालं. मी आणि साहेब मात्र ऑफिसात दार लावून हुज्जत घालतोय. तिथली जमीन सिमेंटची.

एकदम माझ्या पाठीवर कुणीतरी बोटाने भलीमोठी फुली ओढली. थोरली! साहेबांच्याही पाठीवर ओढली, दोघांची मनगटं धरली आणि फरफटत बाहेर काढलं. बोळात धूरच धूर. साहेबांचा चष्मा आतच राहिला.

फुली म्हणजे ‘आधी जीव, प्रश्न नंतर’. ही खूण त्यांच्यात पहिल्यापासूनची. मी कधी विचारलंच नव्हतं. अंगणात थोरलीने एकेकाचा चेहरा चाचपून माणसं मोजली, तेव्हा दोघं कमी भरली. म्हणून मागे फिरली होती. आम्हाला धरून मोजत होती ती!

३० जानेवारी

वसतिगृहाला परवाना मिळाला, टाळं टळलं! निघताना साहेबांनी विचारलं, “यंत्र चाललं ना? मग आपल्या दोघांना कसं नाही कळलं?”

भोंगा मी बसवलाच नव्हता. ऐकू येणारं माणूसही इथे असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.