न पेटलेला पिवळा दिवा

मंठा, बुधवार, संध्याकाळ

आज ह्यांच्याशी वाजलंच. जुनी गाडी विकत घेतल्यापासून ह्यांची एकच रीत. चावी फिरवायची, डोळे मिटून डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडायचे, मंग निघायचं. डोळे उघडल्यावर समोर एकही दिवा पेटलेला नसतो, म्हणून गाडी बिलकुल बराबर!

मी क्लास लावून गाडी शिकून राह्यले. तिथं सांगितलं, चावी फिरवली की ब्रेकमधलं एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आधी स्वतःला तपासतं. त्याचा पिवळा दिवा पेटतो, सगळं ठीक असलं की विझतो. आज आमच्या गाडीची चावी पहिल्यांदा मी फिरवली, डोळे उघडे ठेवून. बाकीचे दिवे पेटले. पिवळा पेटलाच न्हाई.

"न्हाई पेटला तर चांगलंच की," हे म्हणाले.

"अहो, तो पेटून विझायला पायजे. पेटलाच न्हाई तर ब्रेक ठीक हाय का न्हाई, कळणार कसं?"

हट्टानं मेकॅनिककडं नेली. त्यानं मीटर खोललं, तर त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी! आधीच्या मालकाचीच करणी, दुसरं कोण? पट्टी काढली तसा दिवा पेटला, तो विझेचना. एबीएस बंदच. आणि इतके दिवस आम्ही लेकरं घेऊन जालन्याला जात होतो. एखादं जनावर आडवं आलं असतं, ह्यांनी कचकन ब्रेक दाबला असता, तर चाकं जाम होऊन गाडी घसरत कुठं गेली असती?

चाकाचा सेन्सर गेलाय, नवा उद्या बसेल. तोवर हळू चालवा म्हणाला.

परत निघताना ह्यांनी चावी फिरवली, गणपतीला हात जोडले. मी तिरक्या नजरेनं पाहिलं.

डोळे उघडे होते.